भाड्याच्या सर्व्हरवर खासगी व्हीपीएन: वायरगार्ड काही नेटवर्कांवर मुकाट बंद पडते, पुढे काय करावे?

प्रश्न: दूरचा सहकारी

नमस्कार. आमचा एक छोटा संशोधन गट आहे. गटातील काही जणांना कामानिमित्त अशा देशांत राहावे लागते, जिथे वृत्तसंस्थांची संकेतस्थळे, विश्वकोश आणि संदेशसेवा यांपैकी बरेच काही सरकारी पातळीवरून अडवलेले असते. बाजारात मिळणाऱ्या तयार व्हीपीएन सेवा (वाहतूक कूटबद्ध करून दुसऱ्या सर्व्हरमार्गे नेणाऱ्या) तिथे फार काळ टिकत नाहीत. हजारो लोक एकाच सर्व्हरवरून जात असल्यामुळे त्या सर्व्हरचे पत्ते लवकरच बंदीच्या यादीत जातात. म्हणून आम्ही एका होस्टिंग कंपनीकडून लहानसा आभासी सर्व्हर भाड्याने घेतला, त्यावर डेबियन ही लिनक्स प्रणाली बसवली आणि वायरगार्ड ही व्हीपीएन प्रणाली चालू केली. प्रत्येकाला वेगळी चावी दिली आहे, सर्व्हरवर आयपी फॉरवर्डिंग आणि नॅट (सर्वांची वाहतूक सर्व्हरच्या पत्त्यावरून पुढे नेण्याची सोय) नीट लावले आहे, आणि साध्या, न अडवलेल्या जोडणीवरून सारे काही उत्तम चालते.

अडचण बाहेर गेलेल्या सहकाऱ्यांची आहे. एकीकडे सुरुवातीला जोडणी मिळाली आणि नंतर अचानक बंद झाली. ॲपमध्ये बोगदा, म्हणजे सर्व्हरपर्यंतची कूटबद्ध जोडणी, चालू असल्याचे दिसते, कोणतीही चूक दाखवली जात नाही, पण एकही पान उघडत नाही. त्या सहकाऱ्याने लॅपटॉपवर वायरगार्डची स्थिती पाहिली, तेव्हा शेवटच्या हँडशेकची (जोडणी सुरू करणाऱ्या ओळखीच्या देवाणघेवाणीची) ओळच नव्हती. आलेला डेटा शून्य बाइट आणि पाठवलेला डेटा मात्र हळूहळू वाढत चाललेला होता.

मला विचारायचे आहे ते असे. हा आमच्या मांडणीतील दोष आहे की वाटेत कोणी अडवत आहे, हे खात्रीने कसे ओळखावे? पोर्ट ५१८२० ऐवजी ४४३ (एचटीटीपीएस संकेतस्थळांचा नेहमीचा पोर्ट) केल्याने किंवा ओपनव्हीपीएन ही दुसरी व्हीपीएन प्रणाली टीसीपीवर (वायरगार्डच्या यूडीपीऐवजी संकेतस्थळे सहसा वापरतात त्या वाहतूक-पद्धतीवर) चालवल्याने काही साधेल का? आणि तसे साधणार नसेल, तर आमच्यासारख्या लहान गटाने कोणता मार्ग धरावा, ज्यात सर्व्हरची देखभाल एकाच व्यक्तीला झेपेल आणि वापरणाऱ्याला तांत्रिक ज्ञान लागणार नाही? आणखी एक शंका म्हणजे, सर्व्हर आमचा असला तरी यंत्र होस्टिंग कंपनीचे आहे. तिला आमचे काय काय दिसते, हेही मला समजून घ्यायचे आहे.

उत्तर: पाकीटवाचक

तुमच्या वर्णनातील सर्वांत उपयोगी तपशील म्हणजे पाठवलेल्या बाइटांचा आकडा. वायरगार्डचा हँडशेक सुरू करणारा संदेश नेमका १४८ बाइटांचा असतो आणि त्याचे उत्तर ९२ बाइटांचे. उत्तर आले नाही तर साधारण दर पाच सेकंदांनी तोच प्रयत्न पुन्हा होतो आणि नव्वद सेकंदांनंतर थांबतो. आलेला डेटा शून्य आणि पाठवलेला डेटा १४८ च्या पटीत वाढत असेल, तर तुमचे यंत्र दार ठोठावत आहे आणि पलीकडून उत्तर येत नाही, एवढे निश्चित. चावी चुकली असती तरी हेच दिसले असते, कारण अनोळखी पॅकेटला वायरगार्ड मुळीच उत्तर देत नाही. पण तीच फाइल दुसऱ्या जोडणीवर चालते, म्हणजे चावीची शंका घेण्याचे कारण नाही.

पुढची पायरी सर्व्हरवर करायची. टीसीपीडंप हे पॅकेट दाखवणारे साधन लावून त्या यूडीपी पोर्टवर येणारी-जाणारी पॅकेट पाहा आणि सहकाऱ्याला त्याच वेळी जोडणी करायला सांगा. १४८ लांबीचे पॅकेट सर्व्हरपर्यंत पोहोचतच नसेल, तर जाताना अडवणूक आहे. १४८ आले, ९२ बाहेर गेले आणि तरी पलीकडे काही पोहोचले नाही, तर परतीच्या वाटेवर अडवणूक आहे. दोन्ही पॅकेट पोहोचत असतील आणि हँडशेकही पूर्ण होत असेल, पण लहान पाने उघडतात आणि मोठी अर्ध्यावर थिजतात असे असेल, तर ती सेन्सॉरशिप नव्हे. एमटीयूचा, म्हणजे एका पॅकेटच्या कमाल बाइटांचा, प्रश्न आहे आणि तो आकडा १४२० वरून १२८० वर आणल्यास बहुतेक वेळा सुटतो. हे तिन्ही प्रकार वापरणाऱ्याला एकसारखेच, म्हणजे ‘नेट चालत नाही’ असे दिसतात, म्हणून उपाय शोधण्याआधी एवढी तपासणी करावीच.

आता पोर्ट बदलण्याविषयी. काही कार्यालये आणि सार्वजनिक वायफाय फक्त ठरावीक पोर्ट उघडे ठेवतात. तिथे पोर्ट बदलून काम होते. देशाच्या पातळीवर गाळणी बसवलेली असेल तर मात्र केवळ पोर्ट पाहिला जात नाही, पॅकेटचा आकार आणि पहिले बाइट पाहिले जातात. वायरगार्डच्या पहिल्या पॅकेटचा पहिला बाइट १ आणि पुढचे तीन शून्य असतात, लांबी ठरलेली असते, आणि हे प्रत्येक वेळी असेच घडते. ओळखण्यासाठी यापेक्षा सोपी खूण नाही. हा वायरगार्डमधील दोष मी मानत नाही. ते साधे, वेगवान आणि तपासायला सोपे असावे म्हणून बनवले गेले, २०२० मध्ये लिनक्सच्या ५.६ आवृत्तीत थेट समाविष्ट झाले, आणि आपली ओळख लपवण्याचा दावा त्याच्या कर्त्याने कधी केलेला नाही. कुलूप मजबूत असणे आणि घर नजरेस न पडणे या दोन वेगळ्या गरजा आहेत, आणि तुमची गरज दुसरी आहे.

ओपनव्हीपीएनची स्थितीही बरी नाही. मिशिगन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२२ मध्ये एका प्रत्यक्ष इंटरनेट पुरवठादाराच्या वाहतुकीवर प्रयोग करून दाखवले की ओपनव्हीपीएनच्या ८५ टक्क्यांहून अधिक जोडण्या अत्यल्प चुकांसह ओळखता येतात. इतकेच नव्हे, तर लपवाछपवीचा थर लावल्याचे सांगणाऱ्या व्यापारी सेवांच्या ४१ पैकी ३४ मांडण्याही पकडल्या गेल्या. टीसीपी ४४३ वर नेल्याने ओपनव्हीपीएन एचटीटीपीएससारखे होत नाही, कारण त्याची सुरुवातीची संभाषणपद्धत वेगळी असते.

यावर एके काळी सुचवला जाणारा उपाय असा होता की, सगळेच इतके यादृच्छिक करावे की कुठलीही खूण उरणार नाही. शॅडोसॉक्स ही प्रॉक्सी (वाहतूक दुसऱ्या सर्व्हरमार्गे नेणारी प्रणाली) याच विचारातून २०१२ मध्ये आली आणि बराच काळ चालली. पण कसलीच खूण नसणे हीच खूण होऊ शकते. नोव्हेंबर २०२१ पासून चीनच्या फायरवॉलने नेमके हेच केले. जोडणीच्या पहिल्या डेटा पॅकेटमध्ये दर बाइटमागे सरासरी किती बिट ‘एक’ आहेत ते मोजायचे. कूटबद्ध डेटात ही सरासरी आठपैकी चारच्या आसपास येते. ती ३.४ ते ४.६ यांच्या दरम्यान असेल, पहिले सहा बाइट वाचता येण्याजोगी अक्षरे नसतील, आणि टीएलएस (एचटीटीपीएसमागची कूटबद्ध जोडणी) किंवा एचटीटीपीची ओळखीची सुरुवातही नसेल, तर जोडणी तोडायची. नेहमीच्या निरपराध वाहतुकीला फटका बसू नये म्हणून हा नियम प्रसिद्ध डेटा सेंटरांच्या पत्त्यांपुरता आणि तिथल्याही सगळ्या नव्हे तर काही जोडण्यांपुरता लावलेला आढळला. एकदा जोडणी अडकली की तो ग्राहक (जोडणी करणारे यंत्र), तो सर्व्हर आणि तो पोर्ट या तिघांमधली वाहतूक १८० सेकंद बंद राहत असे. हा तपशील तपासणी करताना लक्षात ठेवा: एक पद्धत फसली की लगेच त्याच पोर्टवर दुसरी लावून पाहिली, तर चांगली पद्धतही निकामी वाटेल. मध्ये काही मिनिटे जाऊ द्यावीत.

दूरचा सहकारी

इतक्या तपशिलाबद्दल मनापासून आभारी आहे. तुम्ही सांगितल्याप्रमाणे पाहिले. एका सहकाऱ्याच्या बाबतीत १४८ चे पॅकेट सर्व्हरवर येते, ९२ चे उत्तर बाहेर जाते आणि त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. दुसरा सहकारी ज्या निवासस्थानी आहे तिथल्या वायफायवर कोणतेही यूडीपी पॅकेट बाहेरच पडत नाही. म्हणजे दोघांनाही टीसीपी ४४३ वर चालणारे, खऱ्या एचटीटीपीएससारखे दिसणारे काही तरी लागेल असे मी समजतो. याबाबत वाचताना दोन मार्ग पुढे आले: स्वतःचे डोमेन घेऊन खऱ्या संकेतस्थळाच्या आड प्रॉक्सी चालवणे, किंवा एक्सरे या प्रॉक्सी प्रणालीतील रिॲलिटी पद्धत वापरणे, जिला डोमेन लागत नाही. यांतील कोणता निवडावा?

उत्तर: शांत पोर्ट

दोन्ही मार्ग कामाचे आहेत, पण निवड करण्याआधी सेन्सॉर काय काय करतो ते समोर ठेवू या, कारण त्यावरूनच दोन्हींची बलस्थाने आणि उणिवा कळतात. तो केवळ वाहतूक पाहत बसत नाही. संशय आला की तो स्वतः तुमच्या सर्व्हरला जोडणी करून पाहतो. टॉर या निनावी नेटवर्कच्या गुप्त पुलांना (यादीत नसलेल्या प्रवेश-सर्व्हरांना) शोधण्यासाठी चीनमधून अशी चाचपणी होते हे २०१२ पासून प्रसिद्ध संशोधनात नोंदलेले आहे, आणि शॅडोसॉक्सच्या बाबतीत तर ग्राहकाचे पहिले पॅकेट जसेच्या तसे किंवा किंचित बदलून पुन्हा पाठवले जात असे. त्यामुळे खरी कसोटी अशी आहे की, चावी नसलेला परका माणूस तुमच्या पोर्ट ४४३ वर आला तर त्याला काय दिसते. चूक दाखवणारा संदेश, तात्काळ तुटणारी जोडणी किंवा अनंतकाळ गप्प बसलेला पोर्ट, या तिन्ही गोष्टी सामान्य वेब सर्व्हर सहसा करत नाही.

रिॲलिटी या कसोटीला चांगली उतरते. तुम्ही मांडणीत एखाद्या मोठ्या, टीएलएस १.३ वापरणाऱ्या परक्या संकेतस्थळाचे नाव देता. तुमचा ग्राहक त्याच संकेतस्थळाला जात असल्यासारखा हँडशेक सुरू करतो आणि त्याच्या पहिल्या संदेशातील, एरवी यादृच्छिकच असणाऱ्या एका रकान्यात आपली ओळख दडवतो. सर्व्हरला ती पटली तर बोगदा सुरू होतो. नाही पटली तर ती जोडणी जशीच्या तशी त्या खऱ्या संकेतस्थळाकडे सोडली जाते. म्हणून चाचपणी करणाऱ्याला त्या संकेतस्थळाचे खरेखुरे प्रमाणपत्र आणि खरे पान मिळते. हे तुम्ही स्वतः पाहू शकता: दुसऱ्या यंत्रावरून कर्ल या पाने मागवणाऱ्या साधनाच्या रिझॉल्व्ह पर्यायाने ते नाव तुमच्या आयपी पत्त्याशी जोडा आणि पान मागवा. मूळ संकेतस्थळाचे पान प्रमाणपत्राच्या तक्रारीशिवाय आले, तर मांडणी बरोबर आहे.

रिॲलिटीची उणीव अशी की, ते नाव आणि तुमचा पत्ता यांचा मेळ बसत नाही. एखाद्या नामांकित कंपनीचे संकेतस्थळ स्वस्त होस्टिंगच्या एका कोपऱ्यातील पत्त्यावर कसे, असा प्रश्न ज्याला विचारायचा आहे तो डीएनएसचे (नावावरून पत्ता सांगणाऱ्या यंत्रणेचे) उत्तर ताडून पाहू शकतो. म्हणून सर्वांच्या तोंडी असलेले नाव घेऊ नका. शक्यतो त्याच डेटा सेंटरमध्ये किंवा त्याच पत्त्यांच्या शेजारी असलेले एखादे शांत संकेतस्थळ शोधा. मोठ्या सीडीएनच्या (अनेक संकेतस्थळांची पाने पुरवणाऱ्या सर्व्हर-जाळ्याच्या) मागचे संकेतस्थळ तर अजिबात निवडू नका, कारण ओळख न पटलेली प्रत्येक जोडणी तुमचा सर्व्हर पुढे सोडत असल्यामुळे परकी माणसे तुमच्या यंत्राला त्या सीडीएनची फुकट वाट बनवू शकतात आणि महिन्याच्या वाहतुकीची मर्यादा तुमच्या नकळत संपते.

स्वतःचे डोमेन घेतल्यास नाव, पत्ता आणि प्रमाणपत्र हे तिन्ही एकमेकांशी जुळतात, आणि दीर्घकाळाच्या वापरासाठी मला हाच मार्ग अधिक प्रामाणिक व मजबूत वाटतो. पुढे कॅडी किंवा एनजिनएक्स हा वेब सर्व्हर, त्यावर खरोखर वाचण्याजोगी काही पाने, आणि मागे प्रॉक्सी अशी रचना असते. ट्रोजन, व्हीलेस किंवा नाइव्हप्रॉक्सी या प्रॉक्सी-पद्धतींपैकी काहीही चालेल. कॅडी प्रमाणपत्र आपोआप आणते आणि मुदतीआधी नवे घेते, त्यामुळे एका व्यक्तीला देखभाल झेपते. एक गोष्ट मात्र फार थोडे जण ध्यानात घेतात. सार्वजनिक प्रमाणपत्र मिळवले की त्यातील नाव सर्टिफिकेट ट्रान्स्परन्सीच्या खुल्या नोंदींत कायमचे जाते आणि कोणीही ते शोधू शकते. म्हणून उपडोमेनच्या नावात व्हीपीएन, प्रॉक्सी, टनेल असे शब्द कधीही वापरू नका, आणि शक्य असेल तर वाइल्डकार्ड (सर्व उपडोमेनांना चालणारे) प्रमाणपत्र घ्या, म्हणजे नेमके उपडोमेन नोंदींत उमटणार नाही.

ग्राहकाच्या बाजूने दोन खुणा उरतात. पहिली, टीएलएसच्या पहिल्या संदेशाची ठेवण. प्रत्येक ब्राउझरची सायफरांची यादी आणि विस्तारांची निवड त्याची स्वतःची असते; गो भाषेतील साध्या प्रोग्रॅमची ठेवण क्रोमपेक्षा वेगळी दिसते, म्हणून ग्राहकात यूटीएलएस या, ब्राउझरची ठेवण नकलणाऱ्या लायब्ररीच्या आधारे क्रोम किंवा फायरफॉक्सची ठेवण निवडलेली आहे ना, ते बघावे. नाइव्हप्रॉक्सी इथे सरस ठरते, कारण ती क्रोमियमचाच नेटवर्क भाग वापरते आणि नक्कल करण्याचा प्रश्नच येत नाही. दुसरी खूण अधिक खोल आहे. तुम्ही बोगद्यातून एखादे एचटीटीपीएस पान उघडता, तेव्हा बाहेरच्या टीएलएसच्या आत आणखी एक टीएलएस हँडशेक चालतो, आणि मजकूर दिसत नसला तरी पॅकेटांचे आकार आणि त्यांची ये-जा यांवरून तो ओळखता येतो, हे २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दाखवले गेले आहे. एक्सरेमधील व्हिजन हा पर्याय आतल्या हँडशेकच्या वेळी जास्तीची भर घालून ते आकार पुसट करतो. रिॲलिटी घ्या वा स्वतःचे प्रमाणपत्र घ्या, व्हीलेस वापरत असाल तर व्हिजन चालू ठेवा.

तुमच्या प्रश्नाचे थेट उत्तर द्यायचे तर, आता अडकून पडलेल्या सहकाऱ्यांसाठी आजच रिॲलिटी लावा, कारण ती तासाभरात उभी राहते. आणि त्यानंतर सवडीने दुसऱ्या कंपनीच्या सर्व्हरवर स्वतःच्या डोमेनची रचना उभी करा. एकाच सर्व्हरवर दोन्ही ठेवलीत तर पत्ता बंद होताच दोन्ही एकदम जातील.

उत्तर: कूटलिपी

वरील दोन्ही उत्तरे उत्तम आहेत. मी मूळ प्रश्नातील शेवटच्या शंकेकडे वळतो, कारण माणसांची सुरक्षितता तिच्याशी जोडलेली आहे.

होस्टिंग कंपनीला तुमच्या आभासी यंत्राची डिस्क, मेमरी आणि वाहतूक या सगळ्यांपर्यंत पोहोचता येते. हायपरव्हायझर (आभासी यंत्रे चालवणारा थर) तिच्या हातात असतो आणि चालू यंत्राची पूर्ण प्रत घेणे तिला अवघड नाही. डिस्क कूटबद्ध केली तरी चालू यंत्राची चावी मेमरीत असतेच. ती कंपनी असे करते असे मी म्हणत नाही. विश्वास कोणावर टाकला आहे हे माहीत असावे, एवढाच मुद्दा आहे. व्हीपीएन विश्वास नाहीसा करत नाही, तो स्थानिक पुरवठादाराकडून काढून होस्टिंग कंपनीकडे नेतो. एचटीटीपीएसमुळे पानांचा मजकूर तिलाही दिसत नाही, परंतु कोणत्या पत्त्यांशी जोडणी झाली ते दिसते.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे, खासगी सर्व्हर निनावीपणा देत नाही. उलट तो कमी करतो. व्यापारी सेवेच्या एका पत्त्यामागे असंख्य लोक असतात, तुमच्या पत्त्यामागे फक्त तुमचा गट आहे, आणि त्या पत्त्याचे भाडे कोणाच्या तरी कार्डावरून भरलेले आहे. सर्व्हर उभा करण्यासाठी लोकप्रिय असलेला अल्गो हा प्रकल्प तर आपण निनावीपणा किंवा सेन्सॉरशिप टाळणे यांपैकी कशाचाही दावा करत नाही, असे आपल्या माहितीत स्वच्छ लिहितो. ज्या सहकाऱ्याला आपण कोण आहोत हेच लपवायचे आहे, त्याने टॉर ब्राउझर वापरावा. त्यात स्नोफ्लेक हा मार्ग २०२१ पासून समाविष्ट आहे; तो स्वयंसेवकांच्या ब्राउझरांमधून वेबआरटीसी या थेट संवादाच्या तंत्राने जोडणी करतो, त्यामुळे बंद करण्यासारखा एक ठरलेला पत्ताच नसतो. वेग कमी मिळतो, पण तुमचे दोन्ही सर्व्हर बंद झाले तर नवी माहिती मिळवण्यासाठी तेवढा पुरतो.

सर्व्हरवरील नोंदी आजच तपासा. एक्सरेची ॲक्सेस नोंद चालू असेल तर कोण कधी कुठे गेला याची ओळीनिशी यादी फाइलमध्ये साठत जाते. ती पूर्ण बंद करा आणि चुकांच्या नोंदी इशाऱ्यांपुरत्या ठेवा. वायरगार्ड स्वतःहून फाइलमध्ये काही लिहीत नाही, पण प्रत्येक ग्राहकाचा शेवटचा खरा पत्ता आणि शेवटच्या हँडशेकची वेळ मेमरीत ठेवते, आणि सर्व्हरचा ताबा मिळालेल्या कोणालाही स्थिती पाहण्याची एक आज्ञा देऊन ती वाचता येते. एसएसएचमध्ये, म्हणजे सर्व्हरवर दूरून शिरण्याच्या सोयीत, पासवर्डने प्रवेश बंद करून फक्त ईडी२५५१९ चाव्या ठेवा, सुरक्षेच्या सुधारणा आपोआप बसतील अशी सोय करा. सोयीसाठी मिळणारे वेब पॅनेल बसवले असेल तर ते फक्त यंत्राच्या आतल्या पत्त्यावर ऐकत असावे आणि एसएसएचच्या बोगद्यातूनच उघडावे. ठरावीक पोर्टवर उघडे पडलेले पॅनेल म्हणजे सेन्सॉरला आयती ओळख आणि घुसखोराला आयते दार आहे.

आणि जिथे सहकारी बसले आहेत तिथला कायदा नीट समजून घ्या. काही देशांत परवानगी नसलेला व्हीपीएन वापरणे हाच गुन्हा आहे, आणि त्याचे परिणाम मुख्यतः तिथे बसून वापरणाऱ्याला भोगावे लागतात. हा निर्णय प्रत्येकाने स्वतः, पूर्ण माहिती घेऊन करावा. गटाने तो कोणावर लादू नये.

उत्तर: पाकीटवाचक

शांत पोर्ट यांच्याशी मी बहुतांश सहमत आहे, फक्त सगळी भिस्त टीसीपीवर ठेवू नये असे मला वाटते. पॅकेट गळणाऱ्या जोडणीवर टीसीपीचा वेग फार पडतो. सर्व्हरवर बीबीआर हे टीसीपीचा वेग सांभाळणारे तंत्र चालू केल्याने फरक पडतो, तरी मर्यादा राहतेच. पहिल्या सहकाऱ्याच्या नेटवर्कवर यूडीपी सरसकट बंद नाही, फक्त वायरगार्ड ओळखले जात आहे. तिथे ॲम्नेझियाडब्ल्यूजी करून पाहण्यासारखे आहे. ते वायरगार्डचेच रूप आहे. हँडशेकच्या आधी निरर्थक पॅकेट पाठवते, संदेशांची लांबी बदलते आणि त्या पहिल्या ठरीव बाइटांच्या जागी तुम्ही निवडलेले आकडे घालते. सक्त गाळणीपुढे ते किती टिकेल याची हमी नाही, पण साध्या खुणांवर चालणाऱ्या गाळणीला ते पुरेसे ठरते आणि वेग जवळजवळ वायरगार्डइतकाच मिळतो. हिस्टेरिया २ ही प्रॉक्सी क्विक या यूडीपीवरील पद्धतीवर चालते आणि परक्याला एचटीटीपी/३ चे संकेतस्थळ दाखवते, तोही एक पर्याय आहे. मात्र २०२४ पासून चीनच्या फायरवॉलमध्ये क्विकच्या सुरुवातीच्या पॅकेटमधील संकेतस्थळाचे नाव उलगडून अडवणूक होते, तेव्हा ‘यूडीपी कोणी बघत नाही’ हा जुना समज सोडून द्यावा.

दूरचा सहकारी

रिॲलिटी लावली, दोन्ही सहकाऱ्यांची जोडणी सुरू झाली. कर्लने केलेल्या चाचणीतही मूळ संकेतस्थळाचे पान आले. सर्वांचे आभार. आता शेवटचे विचारतो: वापरणाऱ्यांच्या यंत्रावर नेमकी कोणती काळजी घ्यायला सांगावी, आणि मांडणीची फाइल त्यांच्यापर्यंत कशी पोहोचवावी?

उत्तर: शांत पोर्ट

फाइल किंवा क्यूआर कोड म्हणजे चावीच आहे, तेव्हा तो साध्या ईमेलने पाठवू नका. दोन्ही टोकांना कूटबद्ध असलेल्या संदेशसेवेतून, आपोआप नष्ट होणारा संदेश म्हणून पाठवा, आणि शक्य असेल तिथे सहकारी प्रवासाला निघण्यापूर्वीच सगळे बसवून, चालवून बघा. अडवलेल्या देशात पोहोचल्यावर ॲप उतरवणेच बंद असू शकते. प्रत्येक व्यक्तीला आणि शक्यतो प्रत्येक यंत्राला स्वतंत्र ओळख द्या, म्हणजे एखादा फोन हरवला तर फक्त तेवढीच रद्द करता येते आणि बाकीच्यांना नव्या फाइली पाठवत बसावे लागत नाही.

यंत्रावर तीन ठिकाणी गळती होते. बोगदा फक्त आयपीव्ही४ (जुन्या पद्धतीचे पत्ते) नेत असेल आणि स्थानिक जोडणीला आयपीव्ही६ (नव्या पद्धतीचे पत्ते) असेल, तर आयपीव्ही६ ची वाहतूक उघड्यावरून जाते. दोन्ही बोगद्यात घाला किंवा यंत्रावर आयपीव्ही६ बंद करा. डीएनएसच्या विचारणा स्थानिक पुरवठादाराकडे जात राहिल्या तर कोणते संकेतस्थळ उघडले ते त्याला कळते आणि खोटी उत्तरेही तोच देतो. त्या बोगद्यातूनच गेल्या पाहिजेत. आणि बोगदा तुटला की ब्राउझर मुकाट्याने थेट जोडणीवर जातो. अँड्रॉइडच्या व्हीपीएन मांडणीत व्हीपीएनविना होणाऱ्या जोडण्या अडवण्याचा पर्याय आहे, तो चालू करायला सांगा.

सहकारी ज्या देशात आहे, तिथलीच संकेतस्थळे आणि बँकेची ॲप्स बोगद्यातून नेऊ नका. ग्राहकातील मार्गनियमांनी ती थेट जाऊ द्या. तुमच्या सर्व्हरचा पत्ता त्या देशातील संकेतस्थळांच्या नोंदींत रोज उमटत राहिला आणि त्याच वेळी त्याच देशातून त्या पत्त्याकडे दाट वाहतूक जात राहिली, तर दोन्हींची सांगड घालणे फार सोपे होते. सर्व्हरच्या बाजूनेही त्या देशाच्या पत्त्यांकडे जाणारी वाहतूक बंद करून ठेवा, म्हणजे एखाद्याने नियम चुकवला तरी उघडे पडणार नाही.

पत्ता कधी तरी बंद होणारच, असे धरून चला. सर्व्हरची मांडणी, चाव्या आणि बसवण्याच्या पायऱ्या कूटबद्ध करून स्वतःकडे ठेवा, म्हणजे नवा सर्व्हर घेऊन लगेच उभा करता येईल. नवा पत्ता मिळाल्यावर तो आधीच कोणी खराब करून ठेवलेला नाही ना, हे पाहण्यासाठी अडवलेल्या बाजूच्या सहकाऱ्याकडून पोर्ट ४४३ वर नुसती टीसीपी जोडणी होते का ते तपासून घ्या, आणि ती होत नसेल तर त्यावर काहीही न बसवता दुसरा पत्ता मागा.